आधीं शिक्षा, मग चौकशी

मनुष्यास मोहांत घालून त्याची पारख करावी, ही कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अमात्यांची शुचिता पाहण्यासाठीं धर्म, अर्थ, काम व भय अशा चार उपधा सांगितल्या आहेत. परंतु या परीक्षेनें निर्दोष चित्त कलुषित होऊं नये, असा इशाराही तेथेंच दिलेला आहे. आणि परीक्षेचा निष्कर्ष राजाकडे जाई, चव्हाट्यावर नव्हे. हीच उपधा राजकीय कार्यकर्त्यांच्या हातीं गेली व तिला छुप्या कॅमेऱ्याची जोड मिळाली म्हणजे काय होतें, याचें बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या अलीकडील इतिहासांत सांपडतें.

१९७० सालीं आर्कन्सॉ संस्थानांत लिटल रॉक येथें 'एकॉर्न' ही संस्था निघाली. गरिबांस घरांविषयीं सल्ला देणें, मजुरीचे दर वाढवून घेणें, मतदारांची नोंदणी करणें, हीं तिचीं कामें. २००९ च्या उन्हाळ्यांत जेम्स ओकीफ व हॅना गाइल्स हीं दोन तरुण माणसें तिच्या निरनिराळ्या कचेऱ्यांत गेलीं. तरुणीनें वेश्येची बतावणी करून घर व कर यांविषयीं सल्ला मागितला, आणि कांहीं कर्मचाऱ्यांनीं तो दिलाही. १० सप्टेंबरपासून चित्रफिती प्रसिद्ध होऊं लागल्या. चारच दिवसांनीं सेनेटनें ८३ विरुद्ध ७ मतांनीं संस्थेस गृहनिर्माण खात्याचा पैसा न देण्याचा ठराव केला. १७ तारखेस प्रतिनिधिगृहानेंही ३४५ विरुद्ध ७५ मतांनीं अनुदानबंदीस संमति दिली.

चौकशी झाली ती त्यानंतर. १ मार्च २०१० रोजीं ब्रुकलिनच्या सरकारी अभियोक्त्यानें तेथें गुन्हा घडला नसल्याचें जाहीर केलें. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यानें चित्रण करणारांस खटल्यापासून अभय देऊन मूळ फिती मिळविल्या. त्यांवरून असें दिसलें कीं, कांहीं कर्मचाऱ्यांचें वर्तन अशोभनीय होतें, पण खटला भरण्याजोगा गुन्हा नव्हता. फितींत मोठी काटछाट होती. आणि आरंभीं दिसणारा ओकीफचा भडक पोषाख कचेऱ्यांत घातलेलाच नव्हता. सॅन डिएगोच्या एका कर्मचाऱ्यानें तर आपण ऐकलेली हकीकत पोलिसांस कळविली होती. त्याची नोकरी मात्र आधींच गेली होती. २०१३ सालीं ओकीफनें त्यास एक लक्ष डॉलर देऊन दावा मिटविला. पण संस्थेनें मार्च २०१० मध्येंच आपलें काम बंद करीत असल्याचें जाहीर केलें होतें, आणि नोव्हेंबरांत तिचें दिवाळें निघालें.

संस्थेचा कैवार घेण्याचा आमचा हेतु नाहीं. संस्थापकाच्या भावानें केलेली सुमारें दहा लक्ष डॉलरांची अफरातफर तिनें कित्येक वर्षें दडपून ठेविली होती. ती २००८ सालीं उघडकीस आली. अशा दुबळ्या झालेल्या वृक्षास लहानसा घावही पुरतो. वेषांतर सर्वथैव निंद्य, असेंही आम्ही म्हणत नाहीं. १८८७ सालीं नेली ब्लाय या वार्ताहर स्त्रीनें वेडाचें सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळांत दहा दिवस काढले आणि तेथील हाल जगापुढें मांडले. पण तिच्या लेखांनंतर पंचांनीं स्वतः जाऊन इस्पितळ पाहिलें, व मग सुधारणेचीं पावलें पडलीं. एकॉर्नच्या बाबतींत हा क्रम उलटला. आमच्या मतें खरा दोष येथें आहे. सोंग घेणारा आपल्या पक्षाचें काम करणारच. परंतु मूळ फीत मागून पाहण्याइतका धीर कायदेमंडळानें धरावयास हवा होता. तो न धरल्यामुळें दोषी कर्मचारी आणि पोलिसांकडे धांवलेला प्रामाणिक कर्मचारी, दोघांस एकच शिक्षा मिळाली.