दुष्काळप्रवणता-मापन (नरसी नामदेव परिसर)

पावसाने ओढ दिली तर एखाद्या भागातील शेती किती लवकर आणि किती खोलवर कोलमडेल, याचा आधीच घेतलेला अदमास म्हणजे दुष्काळप्रवणता-मापन. दुष्काळ जाहीर करणे ही वेगळी गोष्ट. ती पीक गेल्यावर होते. महाराष्ट्राच्या महसुली कारभारात झालेले नुकसान मोजण्याची रीत जुनी व पक्की आहे, पण नाजूक जागा आधी हेरण्याचे काम त्या मानाने उशिरा सुरू झाले.

नरसी नामदेव हे हिंगोली तालुक्यातले कयाधू नदीकाठचे गाव. संत नामदेवांचे (जन्म 1270) हे जन्मगाव मानले जाते. याच नावाचे महसूल मंडळही आहे. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. सोयाबीन, कापूस, तूर, हळद आणि रब्बीत हरभरा ही येथील मुख्य पिके. बीड किंवा धाराशिवच्या तुलनेत इथला सरासरी पाऊस जास्त, त्यामुळे कागदावर हा भाग दुष्काळी वाटत नाही. सरासरीचा हा आकडाच घात करतो.

सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात येते व पुढे शेंगा भरू लागते. त्या काळात तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले, तर वर्षाची सरासरी भरूनही पीक हातचे जाते. नदीकाठची खोल काळी जमीन काही दिवस ओल धरून ठेवते. माळावरच्या हलक्या, मुरमाड रानात त्याच पावसावरचे सोयाबीन आठ-दहा दिवस आधीच माना टाकते. एकाच शिवारातले हे दोन टोकांचे अंतर मंडळाच्या एका पर्जन्यमापकाला कळत नाही. खाली बेसॉल्टचा कातळ असल्याने पाणी फक्त झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते. विहिरी लवकर भरतात, तशाच लवकर तळ गाठतात. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही मोठी धरणे जवळ असली तरी त्यांच्या कालव्यांचा लाभ प्रामुख्याने खालच्या अंगाच्या तालुक्यांना होतो.

मापनाची आजची चौकट तीन गोष्टी तपासते: पावसाचा ताण किती वेळा येतो, त्याची झळ पिकाला व मातीला किती बसते, आणि ती सोसायला शेतकऱ्यापाशी काय आहे (विहीर, शेततळे, जनावरे, पतपुरवठा, विमा). हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने याच धर्तीवर देशातील जिल्ह्यांची क्रमवारी लावली. महाराष्ट्रात दुष्काळप्रवण तालुके ठरवण्यासाठी 1972 च्या दुष्काळानंतर सुखठणकर समिती व पुढे सुब्रमण्यन समिती नेमली गेली. या याद्यांचा पाया तालुका हाच राहिला.

हंगामातील मोजणीसाठी पैसेवारी आहे. पूर्वी पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, म्हणून तिला आणेवारी म्हणत. आता 50 पैशांच्या आत आलेले गाव टंचाईग्रस्त धरले जाते. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर राज्याने 7 ऑक्टोबर 2017 च्या निर्णयाने नवी पद्धत स्वीकारली. आधी पावसाची तूट व खंड पाहायचा. मग पेरणी, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, मातीतील ओल, जलाशय व भूजल. शेवटी तालुक्यातील निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पडताळणी.

ही शेवटची पायरी फार मोलाची आहे. देशात ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा खंडानंतर सप्टेंबरमध्ये पाऊस परतला की झाड पुन्हा तजेलदार होते. उपग्रहाला तो हिरवा रंग दिसतो. चपटी शेंग दिसत नाही. ती दोन बोटांत दाबून पाहावी लागते. आत दाणा नसेल तर कुठल्याही निर्देशांकाने ते रान वाचलेले म्हणू नये. त्या वर्षी राज्याने आधी 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि नंतर सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी व 750 मिलिमीटरच्या आत पाऊस झालेल्या महसूल मंडळांना सवलती दिल्या. मोजणी तालुक्यावरून मंडळावर आली, हे योग्यच झाले; ती शिवारापर्यंत उतरायला हवी.

तसा प्रयत्न नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात झाला. 2018 पासून राबवलेल्या या प्रकल्पाला जागतिक बँकेचे अर्थसाहाय्य होते आणि त्यात हिंगोलीसह मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. मुंबईच्या आयआयटीच्या मदतीने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्यात आला: पडलेला पाऊस, वाहून गेलेले पाणी, मातीत मुरलेली ओल, विहिरींत उतरलेला भाग आणि पिकांची गरज. हा हिशेब खरीप निघताच गावापुढे आला, तर हरभऱ्याला किती पाणी देता येईल आणि उन्हाळी पीक घ्यावे की नाही, हे पेरणीपूर्वी ठरवता येते.