नाव कुणाचं, गाडी कुणाची? रोल्स-रॉइसचा इतिहास आणि प्रतिष्ठेचा प्रश्न



आज आपण एका मोटार कंपनीबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं मोटारींवर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याला कारण आहे. जो प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं काल्पनिक उदाहरणं घेऊन शिकवला, तो १९९८ साली इंग्लंडमध्ये वकिलांच्या आणि हिशेबनीसांच्या टेबलावर खराखुरा येऊन पडला. रोल्स-रॉइस ही मोटार कंपनी विक्रीला निघाली होती. जर्मनीच्या फोक्सवॅगननं ४३ कोटी पौंड मोजून ती घेतली. क्रू या गावातला कारखाना मिळाला, यंत्रं मिळाली, पिढ्यान्‌पिढ्या तिथं काम करणारे कारागीर मिळाले, गाडीच्या तोंडावरची ती पंख पसरलेली मूर्तीही मिळाली. फक्त ‘रोल्स-रॉइस’ हे नाव मिळालं नाही. ते दुसऱ्याच कंपनीच्या मालकीचं होतं, आणि त्या कंपनीनं ते ४ कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिलं.

आता सांगा, खरी रोल्स-रॉइस कुणाकडे गेली? हात ज्याच्याकडे गेले त्याच्याकडे, की नाव ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडे?

उत्तराची घाई करायला नको. आधी हे नाव मोठं कसं झालं, ते पाहू.

हेन्री रॉइस यांचा जन्म १८६३ सालचा, पीटरबरोजवळच्या खेड्यातला. वडील गिरणी चालवायचे, ती बुडाली. हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील वारले. मुलानं वर्तमानपत्रं विकली, घरोघरी तारा पोचवल्या. एका मावशीनं पैसे भरले म्हणून रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली, आणि पैसे संपले तशी ती अर्धवट सुटली. पुढे १८८४ साली मँचेस्टरला त्यांनी भागीदारीत छोटा कारखाना काढला. विजेचं सामान, डायनामो, क्रेन असली कामं. मोटारीशी संबंध आला तो एक जुनी फ्रेंच गाडी विकत घेतल्यावर. ती आवाज करायची, बंद पडायची. रॉइसनी ती उघडली, एकेक भाग तपासला आणि ठरवलं की हे आपण जास्त नीट करू शकतो. १ एप्रिल १९०४ रोजी त्यांची स्वतःची पहिली गाडी रस्त्यावर आली.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. रॉइसनी मोटारीचा शोध लावला नाही. दुसऱ्यानं केलेलं काम हाती घ्यायचं आणि त्यातली प्रत्येक ढिलाई काढून टाकायची, ही त्यांची पद्धत. म्हातारपणी ते वेस्ट विटरिंग या समुद्राकाठच्या गावी राहायचे. तिथल्या घरात शेकोटीच्या वर एक लॅटिन वचन कोरलेलं होतं. अर्थ असा की काम कितीही साधं असो, ते नीट केलं की थोरच ठरतं. आपल्याला सावता माळ्यांची आठवण यावी, असा हा विचार.

दुसरे चार्ल्स रोल्स. लॉर्डाचे धाकटे चिरंजीव, ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेले, मोटारींच्या शर्यतींचा आणि बलूनचा शौक. लंडनमध्ये ते परदेशी गाड्या विकायचे, आणि त्यांच्या तोडीची इंग्रजी गाडी मिळत नाही याची त्यांना खंत होती. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात या दोघांची गाठ पडली. एक एकेचाळीस वर्षांचा कारागीर, दुसरा सव्वीस वर्षांचा सरदारपुत्र. ठरलं असं की रॉइस बनवतील तेवढ्या गाड्या रोल्स विकतील, आणि गाडीवर दोघांचं नाव असेल. विकणाऱ्याचं आधी, बनवणाऱ्याचं नंतर!

या दोन नावांमध्ये एक छोटी आडवी रेघ आहे. क्लॉड जॉन्सन नावाचे गृहस्थ व्यवस्थापन सांभाळायचे, त्यांना लोक ही रेघ म्हणायचे. ‘जगातली सर्वोत्तम गाडी’ ही जाहिरात याच काळातली. आता स्वतःच्या मालाला सर्वोत्तम कोण म्हणत नाही? पण जॉन्सननी नुसतं म्हणून सोडलं नाही. १९०७ साली त्यांनी एका गाडीला चंदेरी रंग दिला, तिचं नाव ‘सिल्व्हर घोस्ट’ ठेवलं, आणि मोटार क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली ती लंडन–ग्लासगो अशी येरझाऱ्या घालत पळवली. फक्त रविवारी विश्रांती. सुरुवातीला एकदा पेट्रोलची तोटी हादऱ्यानं बंद होऊन गाडी थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल, म्हणजे २३ हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, ती बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. मग सगळी गाडी खोलून कोणता भाग किती झिजला तेही तपासायला दिलं. दावा केला आणि तो तपासायला आपणहून परक्या माणसाच्या हाती सोपवला. प्रतिष्ठेची पायाभरणी ती इथं झाली.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९०८ साली, अशीच एक गाडी बोटीनं आपल्या मुंबईला आली आणि मुंबई–कोल्हापूर मोटार चाचणीत उतरली. सह्याद्रीचे घाट, त्या काळचे रस्ते! त्या चाचणीत ती पहिली आली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. संस्थानिकांचं या गाडीवरचं प्रेम पुढे दंतकथेसारखं झालं. एका महाराजांचा लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून त्यांनी रोल्स-रॉइस विकत घेऊन कचरा वाहायला लावल्या, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती कधी अलवारच्या नावावर सांगतात, कधी भरतपूरच्या, कधी पतियाळाच्या, कधी निजामाच्या. राजा बदलतो, गाडी मात्र तीच राहते. दुसऱ्या कुठल्या गाडीची असती तर त्या गोष्टीत दम राहिला नसता. साहेबाच्या अहंकाराला नाव द्यायचं तर ते हेच, हे लोकांनी मनोमन ठरवून टाकलं होतं.

आता थोडं खोलात जाऊ. कंपनी नेमकं काय बनवत होती? पहिली चाळीसेक वर्षं ती पूर्ण गाडी बनवतच नव्हती. आपल्याकडे ट्रकची चॅसी कंपनीतून येते आणि बॉडी बाहेर बांधून घेतात, तसाच प्रकार. रोल्स-रॉइस इंजिनसकट चॅसी द्यायची. वरची बॉडी, आतलं लाकूडकाम, चामड्याच्या गाद्या हे सगळं बार्कर, हूपर, मुलिनर, पार्क वॉर्ड अशा स्वतंत्र कारखान्यांत व्हायचं. लोक ज्या देखणेपणाला भुलायचे तो बराचसा दुसऱ्यांच्या हातचा होता. नाव मात्र एकाचंच राहिलं. कारखान्यातूनच पूर्ण बांधून बाहेर पडणाऱ्या गाड्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या.

तोंडावरच्या मूर्तीचंही तसंच. ती १९११ साली चार्ल्स साइक्स या शिल्पकारानं घडवली, आणि तिच्यासाठी एलिनॉर थॉर्नटन ही तरुणी समोर उभी राहिली असं मानतात. लॉर्ड माँटेग्यू यांची ती सचिव. डिसेंबर १९१५ मध्ये ती त्यांच्याबरोबर ‘पर्शिया’ या बोटीनं निघाली. बोट मुंबईला यायची होती. क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीनं ती बुडवली. माँटेग्यू वाचले, एलिनॉर गेली. आज ती मूर्ती जगभर ओळखतात, पण या बाईचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

आणि ज्यांची नावं गाडीवर होती, त्यांचं काय? रोल्स जुलै १९१० मध्ये बोर्नमथला विमान कोसळून गेले. विमान अपघातात मरण पावलेले ते पहिले ब्रिटिश. रॉइस १९११ साली फार आजारी पडले. त्यानंतर ते डर्बीच्या कारखान्यापासून दूर, कधी दक्षिण फ्रान्समध्ये तर कधी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहिले, आणि तिथून आराखडे तपासून पाठवत राहिले. १९३३ साली ते वारले. म्हणजे कंपनी सात-आठ वर्षांची झाली तेव्हाच नावातला एक माणूस जगात नव्हता आणि दुसरा कारखान्यात नव्हता.

मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. राजा रथातून आला. नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? चाक रथ आहे का? आस? जू? यातलं एकही नाही. मग हे सगळे सोडून वेगळा रथ आहे का? तोही नाही. हे भाग एका रीतीनं जुळून आले की आपण व्यवहारासाठी ‘रथ’ म्हणतो. आपल्या विषयाला हा संवाद इतका चपखल आहे, की १९९८ च्या वकिलांना तो वाचायला द्यायला हवा होता!

पण व्यवहारात नावाची किंमत लागते, आणि कंपनीला ते चांगलं ठाऊक होतं. १९३१ साली बेंटली ही तिची प्रतिस्पर्धी कंपनी दिवाळखोरीत निघाली. नेपियर ती घेणार असं वाटत असताना रोल्स-रॉइसनं एका मध्यस्थ संस्थेच्या आडून जास्त बोली लावून ती घेतली. संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली करारानं बांधलेले, तेही नोकर म्हणून आले. गाड्यांवर त्यांचं नाव होतं, पण त्यावर त्यांचा हक्क नव्हता. १९३५ साली ते नाव तिथंच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या महायुद्धात या कंपनीची ख्याती आभाळात गेली. स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर या विमानांत तिचं मर्लिन इंजिन होतं. अशी लाखाहून जास्त इंजिनं तयार झाली. क्रूचा कारखाना मुळात त्यासाठीच उभारलेला. युद्ध संपल्यावर मोटारींचं काम तिथं गेलं. आता रोल्स-रॉइस म्हणजे मुख्यतः विमानाची इंजिनं, गाड्या हा छोटा भाग.

आणि याच मोठ्या भागानं घर बुडवलं. १९६८ साली लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी२११ हे नवं इंजिन ठरलेल्या किमतीत देण्याचा करार झाला. पंख्याची पाती कार्बन फायबरची करायची योजना होती. पक्षी आदळला तर काय, या चाचणीत ती टिकली नाहीत. पाती टायटॅनियमची करावी लागली, खर्च हाताबाहेर गेला, आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली. डबघाईला आलेल्या उद्योगांना सरकार वाचवणार नाही म्हणणाऱ्या एडवर्ड हीथ यांच्या सरकारलाच ती ताब्यात घ्यावी लागली. हजारो कामगार, माल पुरवणारे लहान कारखानदार, भरवशाचे शेअर म्हणून पुंजी गुंतवणारे लोक, सगळे हादरले. त्यांनी हिशेबाची पानं तपासली नव्हती, नावावर विसंबले होते.

इंजिन पुढे उत्तम निघालं. त्यासाठी स्टॅनली हूकर यांच्यासारख्या निवृत्त अभियंत्याला परत बोलावलं गेलं. आमच्यासारख्या निवृत्तांना तेवढाच दिलासा! पण आपल्या प्रश्नाचं बी इथं पडलं. १९७३ साली मोटारींचा भाग वेगळी कंपनी झाला, आणि नावाची मालकी विमान-इंजिनांच्या कंपनीकडे राहिली. मोटारवाल्यांना फक्त वापरायची परवानगी. १९८० साली व्हिकर्सनं मोटार कंपनी घेतली, १९९८ साली विकायला काढली, आणि सुरुवातीला सांगितलेला पेच पडला.

तोड निघाली ती अशी. २००२ अखेरपर्यंत फोक्सवॅगननं क्रूमध्ये दोन्ही गाड्या बनवायच्या. १ जानेवारी २००३ पासून रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूची, बेंटली फोक्सवॅगनची. बीएमडब्ल्यूकडे नाव होतं, पण कारखाना नव्हता. तो त्यांनी गुडवूडला नव्यानं बांधला. रॉइस शेवटी राहत होते ते वेस्ट विटरिंग तिथून काही मैलांवर. क्रूचे कारागीर तेच बाकडं, तीच हत्यारं घेऊन काम करत राहिले. त्यांच्या हातच्या गाडीला आता जग बेंटली म्हणतं, म्हणजे १९३१ साली विकत आणलेल्या नावानं!

मग खरी कोणती? कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे, नाव ज्याचं त्याची. पण कायद्याला नाव ही जमिनीसारखी मालमत्ता वाटते, आणि आपल्याला आज दिसलं ते वेगळं आहे. नाव ही ठेव आहे. १९०७ च्या चाचणीतल्या चालकांनी, बॉडी बांधणाऱ्या सुतारांनी, युद्धातल्या इंजिन कामगारांनी ती थोडी थोडी भरली. त्यातल्या कुणाचं नाव गाडीवर नाही. ४ कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूनं ती ठेव स्वतःची केली असं आपण म्हणणार नाही. तिचं देणं अंगावर घेतलं, असं म्हणू. गुडवूडची गाडी रोल्स-रॉइस असेल, पण तेवढ्याच नीटपणे केलेल्या कामामुळे, आणि ते काम चालू असेपर्यंतच. क्रूच्या कारागिराचं मात्र येणं बाकी आहे. त्याच्या बापजाद्यांनी भरलेली ठेव दुसऱ्याच्या खात्यात गेली, आणि कुठल्याही न्यायालयात त्याला ती मागता येत नाही.

हे फक्त मोटारींपुरतं नाही. विद्यापीठ, बँक, गाण्याचं घराणं, वर्तमानपत्र, आपण सगळे कुठल्या ना कुठल्या जुन्या नावाच्या भरवशावर व्यवहार करतो. त्या प्रत्येक ठिकाणी रॉइसनी त्या फ्रेंच गाडीला विचारला तोच प्रश्न विचारायला हवा: झाकण उघडल्यावर आत आज काय आहे?

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.