व्यक्तिचित्रणातील अनुकृती-अभ्यास
पूर्वसूरींच्या अभिजात व्यक्तिचित्रांच्या अनुकृती करून वास्तववादी व्यक्तिचित्रणाचे तंत्र आत्मसात करण्याची अध्ययनपद्धती. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने सु. १४०० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात शिकाऊ चित्रकाराने एका श्रेष्ठ गुरूच्या कृती सातत्याने गिरवाव्यात, असे सांगितले. त्याचबरोबर निसर्ग हाच सर्वोत्तम मार्गदर्शक, असेही प्रतिपादिले. पुढील काळातील मतभेद मुख्यतः या दोन सूत्रांतील तोलाविषयीचे आहेत.

समोर बसलेली व्यक्ती हालते, प्रकाशही पालटतो. चित्रात मात्र छायाप्रकाशाची विभागणी, कडांची स्पष्टता व त्वचेच्या छटा यांविषयीचे निर्णय आधीच झालेले असतात. ते सावकाश उलगडून पाहणे, हे अनुकृतीचे प्रयोजन होय.

हा अभ्यास केवळ नवशिक्यांपुरता नव्हता. राफाएलने (१४८३–१५२०) रंगविलेल्या ‘बाल्दास्सारे कास्तील्योने’ या व्यक्तिचित्राची रूबेन्सने प्रौढ वयात तैलरंगांत अनुकृती केली. १६३९ मध्ये ते चित्र ॲम्स्टरडॅम येथे लिलावात आले, तेव्हा रेम्ब्रँटने त्याचे त्वरित रेखाटन करून त्यावर ३,५०० गिल्डर ही विक्रीची किंमत नोंदविली. त्याच्या १६४० च्या आत्मचित्रातील बैठकीवर या चित्राचा, तसेच तिशियनच्या एका व्यक्तिचित्राचा प्रभाव दिसतो. चेहरा आणि त्यावरील भाव मात्र सर्वस्वी त्याचे स्वतःचे आहेत.

पॅरिसचे लूव्ह्र संग्रहालय १७९३ मध्ये खुले झाले, तेव्हा काही दिवस कलावंतांसाठी राखून ठेवण्यात आले. तेथे एद्वार मानेने तिंतोरेत्तोच्या आत्मचित्राची अनुकृती केली. ज्यांना संग्रहालय दुर्लभ होते, त्यांना शार्ल बार्ग याने झेरोमच्या सहकार्याने सिद्ध केलेली शिलामुद्रित रेखन-पाठमाला (१८६६–७१) उपयुक्त ठरली. व्हान गॉख याने तिच्या आधारे आपला हात घडविला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतही (स्थापना १८५७) ग्रीक शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून रेखाटन करण्याचा पाठ दिला जाई. तेथे गिरवावयाचा नमुना चित्राऐवजी शिल्पाचा असला, तरी त्यामागील तत्त्व तेच होते.

या पद्धतीचा धोका सर जॉश्वा रेनल्ड्झ यांनी १७६९ मधील व्याख्यानात दाखवून दिला. सरसकट नक्कल करणाऱ्यास परिश्रमाचे समाधान लाभते. पण निवड व रचना करणारी बुद्धी निष्क्रिय राहते, असे त्यांचे मत होते. अनुकृतीतून दुसऱ्याने शोधलेले उत्तर कळते. जिवंत चेहरा प्रत्येक वेळी नवा प्रश्न उभा करतो. म्हणूनच अनुकृतीला प्रत्यक्ष व्यक्तीवरून केलेल्या अभ्यासाची जोड मिळते, तेव्हाच ती सफल होते.