चेन : एका मिटणीचा इतिहास

मनुष्यानें वस्तु उघडण्यासाठीं जितकी बुद्धि खर्च केली, तितकीच ती नीट मिटावी म्हणूनहि केली आहे. आपल्या जुन्या पोषाखाचीं नांवेंच याची साक्ष देतात. बाराबंदीस तिच्या बारा बंदांवरून नांव मिळालें. पैसे ठेवून कमरेस बांधावयाच्या पिशवीस कसा म्हणत. बटव्याचें तोंड दोरीनें आवळीत आणि प्रवासाची वळकटी सुंभानें बांधीत. पुढें बंदाच्या जोडीस गुंडी व बटण आलें. 'बटण' आणि 'काज' हे शब्द पोर्तुगीजांच्या सहवासानें मराठींत रुळले, असें भाषेचे अभ्यासक मानतात. या सर्व साधनांचा एक समान गुण होता. तीं बिघडलीं तर घरच्या घरीं, सुईदोऱ्यानें, नीट होत. या परंपरेंत अलीकडे जें साधन आलें, त्याच्या बिघाडाविषयीं मात्र सुशिक्षित घरांतूनहि आश्चर्यकारक अज्ञान दिसतें. तें साधन म्हणजे बॅगेची चेन.

नांवापासूनच आरंभ करूं. इंग्रजी भाषेनें या वस्तूस तिच्या आवाजावरून 'झिप' म्हटलें. मराठी माणसानें तिचें रूप पाहून तीस 'चेन' म्हटलें, आणि तिच्यावर सरकणाऱ्या तुकड्यास 'रनर' हें नांव रूढ झालें. हीं नांवें कोणा कोशकारानें दिलेलीं नाहींत; तीं शिंपी, मोची व गिऱ्हाईक यांच्या रोजच्या बोलण्यांतून घडलीं आहेत.

या चेनीचा जन्म एका दीर्घ अपयशांतून झाला. शिवणयंत्रामुळें प्रसिद्धि पावलेल्या इलायस हाउ यानें 1851 सालीं अशाच एका मिटणीचें पेटंट घेतलें होतें, पण त्याचा पाठपुरावा केला नाहीं. पुढें 1893 सालीं व्हिटकोंब जडसन या अमेरिकन गृहस्थानें बुटांसाठीं आंकड्यांची मिटणी तयार केली. त्याच वर्षीं शिकागो येथें जें भव्य प्रदर्शन भरलें, त्यांतहि ती ठेवली होती. त्या प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेली सर्वधर्मपरिषद स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळें आपणांस ठाऊक आहे. जडसनच्या मिटणीकडे मात्र तेथें फारसें कोणी पाहिलें नाहीं. कारण उघड होतें. तिचे आंकडे अडकत, आणि अडकले नाहींत तर भलत्या वेळीं सुटत. पुढें बारा वर्षांनीं बाजारांत आणलेल्या सुधारित मिटणीचीहि तीच गत झाली.

हा प्रश्न सोडविला तो गिडियन सुंडबॅक या स्वीडनमध्यें जन्मलेल्या अभियंत्यानें. 1911 सालीं त्याची पत्नी वारली. त्या दुःखांत त्यानें स्वतःस कामांत गाडून घेतलें, आणि 1913 सालीं नव्या मिटणीचा आराखडा सिद्ध केला. त्यानें आंकडे अजिबात टाकून दिले. दोन कापडी पट्ट्यांच्या कडांवर त्यानें सारखे दांत बसविले. प्रत्येक दांताच्या एका अंगास लहानसा उंचवटा व दुसऱ्या अंगास तेवढीच खोलगट वाटी. रनरच्या पोटांत इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी वाट असते. दोन बाजूंनीं आलेले दांत या वाटेंतून जातांना नेमक्या कोनांत वळतात, आणि एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या वाटींत बसतो. त्याचें पेटंट 1917 सालीं मंजूर झालें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत खलाशांच्या पैशांच्या कमरपट्ट्यांना ही मिटणी लागली. म्हणजे आपल्याकडील कशाचेंच काम तिनें परदेशांत प्रथम केलें. 1923 सालीं गुडरिच कंपनीनें ती रबरी बुटांना बसविली व 'झिपर' हें नांव जगभर गेलें.

ज्या 1917 सालीं सुंडबॅकला पेटंट मिळालें, त्याच सालीं लातूर येथें गंजगोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. लातूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. गोलाईस सोळा रस्ते मिळतात आणि त्या रस्त्यांवर सोन्याचांदीपासून पादत्राणांपर्यंत निरनिराळे बाजार वसले आहेत. त्या काळचा मराठवाड्यांतील प्रवासी लोखंडी ट्रंक, वळकटी अथवा पडशी घेऊन निघे. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोडे, उंट व गाढवें यांचा मोठा बाजार भरतो. तेथें येणाऱ्या जनावरांचें खोगीर व तंग हींहि पट्टा आणि बक्कल यांवरच चालत आलीं. तेथून आजवरचें अंतर मोठें आहे. आतां शिकवणीसाठीं गांवोगांवाहून लातुरास येणाऱ्या मुलांच्या पाठीवर, तसेंच सचखंड एक्सप्रेसनें अमृतसराहून नांदेडच्या हुजूर साहिबास येणाऱ्या यात्रेकरूंच्या हातांत, जें सामान दिसतें तें सर्व चेनीवर मिटलेलें असतें. एवढ्या लांबच्या वाटेवर चेन फुटली, तर सामान सांभाळणें किती कठीण होतें, हें सांगावयास नको.

आणि अशी फुटलेली बॅग पुष्कळ घरांतून सरळ टाकून दिली जाते. वस्तुतः दोष बहुधा दांतांत नसतो. तो रनरमध्यें असतो. रनर हजारों वेळां पुढेंमागें ओढला जातो आणि त्याचे दोन ओठ किंचित् फांकतात. मग त्याचा दाब दांतांवर पुरेसा पडत नाहीं, व तो पुढें गेला तरी मागें चेन उघडीच राहते. अशा वेळीं रनर मागें, चेनीच्या आरंभापर्यंत, न्यावा आणि पकडीनें त्याच्या मागील दोन कडा एकामागून एक अगदीं थोड्या दाबाव्या. जोर अधिक झाला तर ओतीव धातु तडकते. एवढ्यानें भागलें नाहीं तर चेनीच्या टोकाची शिवण उसवून नवा रनर चढवावा आणि टोक पुन्हां शिवून टाकावें. रनरच्या पाठीवर बहुधा 5, 8 किंवा 10 असा आंकडा असतो. तो मिटलेल्या दांतांची रुंदी सुमारें किती मिलिमीटर आहे हें दर्शवितो. नवा रनर त्याच मापाचा व त्याच जातीच्या चेनीचा हवा.

चेन जड चालत असेल तर कारण निराळें असतें. आपल्याकडील काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यांत दांतांच्या बुडाशीं जाऊन बसते. धातूच्या दांतांवर घामाचा व पावसाचा गंज चढतो. प्रथम कोरड्या ब्रशानें धूळ झाडावी, नंतर मेणबत्ती किंवा कोरडा साबण दांतांवरून फिरवावा. धातूच्या चेनीस शिसपेन्सिलीचें टोकहि चालतें. खोबरेल तेल लावण्याची चाल आहे, परंतु तेल धुळीस धरून ठेवतें व चार दिवसांनीं चेन पूर्वीपेक्षां जड होते. अस्तर अडकलें असतां रनर पुढें रेटूं नये. कापड बाजूस ताणून तो हळूहळू मागें न्यावा.

जडसनची मिटणी कोठें व केव्हां दगा देईल याचा नेम नव्हता. सुंडबॅकच्या रचनेंत झीज मुख्यतः एका लहान तुकड्यांत एकवटते, आणि तो तुकडा बदलतां येतो. या साधनाच्या यशाचें हें एक मोठें कारण आहे, असें आम्हांस वाटतें. बंद तुटला तर बंद बदलावा, ही जी आपली जुनी रीत, तिच्याशीं ही रचना पूर्णपणें जुळते. दुर्दैव असें, कीं आजच्या कित्येक स्वस्त बॅगांत चेनीचें टोक अस्तराखालीं अशा रीतीनें शिवून टाकलेलें असतें, कीं तेथें हात पोंचूं नये. दुरुस्तीची वाट करणाऱ्यानेंच बुजविली म्हणजे गिऱ्हाइकानें नवी वस्तु घ्यावी, हा त्याचा अर्थ होतो.

तरीहि बाजाराच्या कडेस बसणारा मोची किंवा बॅग शिवणारा कारागीर ती शिवण उसवितो, जुळता रनर शोधून बसवितो आणि थोड्या पैशांत बॅग परत देतो. शोधकाचें नांव पेटंटाच्या कागदावर राहतें. या कारागिराचें ज्ञान केवळ त्याच्या हातांत राहतें, आणि गिऱ्हाईक येईनासें झालें कीं त्याच्याबरोबरच जातें. मुलाच्या शिकवणीची फी काटकसरीनें भरणाऱ्या घरास नव्या बॅगेची किंमत लहान नसते. म्हणून बॅग टाकण्यापूर्वीं रनर एकदां तपासावा, आणि आपणांस साधलें नाहीं तर ती त्या कारागिराकडे न्यावी, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.