शेकोटीभोवती कोण बसलं? सुट्टीतल्या एका यादीचा इतिहास

आजचा विषय जरा वेगळा आहे: अमेरिकेतलं आरव्ही कॅम्पिंग. आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, किंवा गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. अशा सहलीत काय काय करावं याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. जंगलवाटेने फिरा, मासे पकडा, तारे बघा, रात्री शेकोटीभोवती गप्पा मारा. वाचताना वाटतं, यात इतिहास कुठला? माणसं मोकळ्यावर गेली की हेच करणार ना!

इथेच थांबायचं. ज्या गोष्टीबद्दल सगळ्यांना "हे असंच असतं" असं वाटतं, तिथे संशोधनाचा प्रश्न हमखास दडलेला असतो. या यादीला आपण तीन प्रश्न विचारू. ही कामं कधीपासून "करायच्या गोष्टी" झाल्या? त्यासाठी जागा कोणी आखली? आणि त्या जागेवर कोणाला येऊ दिलं नाही?

गाडी आधी, जागा नंतर

योसेमिटीमध्ये मोटारींना 1913 साली परवानगी मिळाली, यलोस्टोनमध्ये 1 ऑगस्ट 1915 पासून. राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहणारी नॅशनल पार्क सर्व्हिस 1916 मध्ये स्थापन झाली. म्हणजे या दोन्ही ठिकाणी मोटार आधी पोचली आणि हे खातं नंतर आलं! लोक गाडीच्या बाजूला ताडपत्री बांधायचे आणि आवडेल त्या झाडाखाली मुक्काम ठोकायचे. 1919 मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे अशा भटक्यांची "टिन कॅन टूरिस्ट्स" नावाची संघटनाही निघाली.

याच काळातली एक प्रसिद्ध मंडळी म्हणजे हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज. 1921 च्या सहलीत तर राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्यात सामील झाले. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत गाजले: साधे कपडे, झाडाखालची डुलकी, लाकूड फोडणं. पण सोबत आचारी होते, नोकर होते, सामानाच्या गाड्या होत्या. शिवाय फोर्ड मोटारी विकत होते आणि फायरस्टोन टायर. फोटो खोटा नाही, पण तो काय दाखवतो याइतकंच तो कोणाच्या उपयोगाचा आहे हेही विचारायला हवं. साधनचिकित्सा म्हणतात ती हीच.

झाडांनी केलेली तक्रार

1920 च्या दशकाच्या अखेरीस ई. पी. माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने कॅलिफोर्नियातल्या रेडवूड वृक्षांचा अभ्यास केला. शेकडो वर्षं उभी असलेली झाडं, आणि धोका कुऱ्हाडीचा नव्हता, तर प्रेमाने येणाऱ्या पर्यटकांचा होता. माणसांच्या पायांनी आणि गाड्यांच्या चाकांनी माती इतकी दाबली जात होती की मुळांना हवा-पाणी मिळेना.

माइनेके यांनी उपाय सुचवला तो आराखड्याचा. रस्ता एकेरी आणि वळसा घालून परत येणारा. त्याला प्रत्येक मुक्कामासाठी एक छोटा फाटा, गाडी तिथेच लावायची. मोठे दगड किंवा ओंडके टाकून ती पुढे जाऊच नये अशी व्यवस्था. तंबू, टेबल, चूल यांची जागा ठरलेली. 1932 मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने त्यांचं कॅम्पग्राउंड धोरण छापलं. पुढच्याच वर्षी महामंदीतल्या बेरोजगार तरुणांसाठी सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर ही योजना सुरू झाली. ती 1942 पर्यंत चालली आणि या तरुणांच्या हातांनी असे कॅम्पग्राउंड देशभर उभे राहिले.

आज आरव्ही घेऊन कोणी अशा कॅम्पग्राउंडमध्ये शिरतं, तेव्हा वळशाचा रस्ता, क्रमांक दिलेली जागा, लोखंडी कड्यातली शेकोटी हे सगळं त्याला आयतं मिळतं. "निसर्गात मोकळं" वाटण्यामागे इतका बंदिस्त आराखडा आहे. आणि तो नसता, तर बघायला ती झाडं कदाचित राहिलीच नसती.

यादीतून काय गळलं?

यादीत काय आहे याबरोबर काय नाहीसं झालं तेही शोधा. योसेमिटीत 1920 मध्ये निसर्गाची माहिती सांगणारे मार्गदर्शक नेमले गेले. सोबत फिरणं आणि संध्याकाळी शेकोटीजवळ व्याख्यान ही पद्धत तिथून रुळली, ती आजही आहे. पण त्याच योसेमिटीत ग्लेशियर पॉइंटच्या कड्यावरून रात्री धगधगते निखारे खाली लोटायचे आणि लोक तो आगीचा धबधबा बघायला गर्दी करायचे. 1968 मध्ये तो कायमचा बंद झाला. यलोस्टोनमध्ये कचऱ्यावर जगणारी अस्वलं बघायला प्रेक्षकांसाठी बाकं होती. आज ते ऐकूनच अंगावर काटा येतो. त्या काळी मात्र ती कुटुंबाने मिळून बघायची गंमत होती. निसर्गात काय करणं योग्य, ही समजूतही बदलत आलेली आहे.

शेकोटीभोवती कोण नव्हतं?

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. व्हर्जिनियातलं शेनांडोआ राष्ट्रीय उद्यान 1935 मध्ये स्थापन झालं. त्यासाठी डोंगरात राहणाऱ्या शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. 1939 मध्ये तिथे लुईस माउंटन हा भाग कृष्णवर्णीयांसाठी वेगळा उघडला, आणि तसा फलकही लावला. उद्यान केंद्र सरकारचं, पण नियम स्थानिक वर्णभेदाचा. ही विभागणी पूर्णपणे संपायला 1950 साल उजाडलं.

आणि तिथवर पोचायचं कसं? वाटेत मुक्काम, जेवण, पेट्रोल कुठे मिळेल याची खात्री नसायची. म्हणून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी "ग्रीन बुक" काढलं. एका घरात सहलीचा आनंद सांगणारी पुस्तिका, दुसऱ्या घरात कुठे अपमान होणार नाही हे सांगणारी. दोन्ही साधनं शेजारी ठेवून वाचली, तरच त्या काळातली सहल नीट कळते.

तुमच्या कामासाठी

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा "कॅम्पिंगचा इतिहास" असा ऐसपैस विषय घेऊ नका. एक जागा, एक कृती आणि एक नियम पकडा. नियमांची पत्रकं बारकाईने वाचा, कारण ज्याला बंदी घातली जाते ते बहुतेक वेळा कोणीतरी करत असतं. नकाशे बघा, फलकांचे फोटो बघा.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. इथल्या कॅरॅव्हॅन पार्कसाठी जमीन कोणाची, पाणी कोणाचं, शेकोटीभोवती कोण बसणार आणि भांडी कोण घासणार, हे प्रश्न आत्ताच विचारता येतील. त्यांची कागदपत्रं आज तयार होत आहेत. ती जपून ठेवलीत, तर पुढच्या संशोधकाचं काम निम्मं हलकं होईल.