न्यूयॉर्कमधील अरबी बैठक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुर्की अमलाखालील सीरिया व लेबनॉन येथील हजारों अरब, बहुतेक ख्रिस्ती, न्यूयॉर्क बंदरांत उतरले. पुष्कळांनीं पाठीवर गांठोडें घेऊन फेरीचा धंदा धरला. दिवस परक्या भाषेंत जाई. पण रात्रीं वॉशिंग्टन स्ट्रीटवरील एखाद्या खोलींत ऊद नांवाचें तंतुवाद्य वाजूं लागलें कीं गांवच अवतरे.

१९२४ च्या कायद्यानें नव्या माणसांना अमेरिकेचें दार जवळजवळ मिटलें. गाण्याचें मोल अधिकच वाढलें. तेथीलच मकसूद या व्यापाऱ्यानें व मलूफ या संगीतकारानें अरबी गाण्यांच्या तबकड्या काढल्या. हलबहून आलेले नईम करकंद त्यांवर व्हायोलिन वाजवीत. पडदे नसलेलें हें विलायती वाद्य अरबी मकामांतील सूक्ष्म स्वरांना मोठें सोयीचें पडलें!

गाण्याच्या बैठकीला ते 'हफ्ला' म्हणत. तिला निव्वळ करमणूक म्हणणें मला पटत नाहीं. तेथें चर्चसाठीं वर्गणी जमे, सोयरिकी जुळत आणि 'दबके' नृत्यांत म्हातारे व पोरें एकाच रांगेंत हात धरून पाय आपटीत.

१९४० नंतर बोगद्याच्या कामासाठीं त्या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. बैठकी तोंवर नदीपलीकडे ब्रुकलिनमध्यें रुजल्या होत्या.