विसरलेल्या वाटेवरचे देवमासे

डिसेंबर महिन्यात आपल्या घरोघरी नाताळची लगबग सुरू होते, तेव्हा पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे उन्हाळा असतो. दक्षिण अटलांटिक महासागरात, अंटार्क्टिकाच्या वाटेवर, साऊथ जॉर्जिया नावाचे सुमारे १६५ किलोमीटर लांबीचे डोंगराळ, हिमाच्छादित बेट आहे. तेथे वृक्ष नाहीत, शेती नाही, पिढ्यान् पिढ्या नांदणारी मनुष्यवस्तीही नाही. तरीही या बेटाभोवतीच्या पाण्याला एक मोठा इतिहास आहे. तो देवमाशांचा आहे आणि माणसाच्या लोभाचाही आहे. तोच आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो.

देवमासा हा नावाने मासा असला, तरी पिलाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्यातील हंपबॅक या जातीचे अनेक देवमासे हिवाळ्यात ब्राझीलच्या उबदार किनाऱ्याशी येतात व तेथे माद्या पिलांना जन्म देतात. त्या पाण्यात त्यांना खाण्यासारखे फारसे काही नसते. कित्येक महिने ते अंगच्या चरबीवरच काढतात. मग उन्हाळा येताच ते हजारो किलोमीटर दक्षिणेकडे जातात. तेथील थंड पाण्यात क्रिल नावाचा कोलंबीसारखा जीव अमाप असतो. आपल्या कोळीवाड्यातील जवळ्याची आठवण व्हावी असा, पण त्याहून मोठा. सागरी प्रवाह त्याचे थवे साऊथ जॉर्जियाकडे वाहून आणतात. देवमासा जबडा पसरून पाण्यासकट हे थवे तोंडात घेतो, तोंडातील झालरीतून पाणी बाहेर सोडतो आणि क्रिल गिळतो. आपण पावसाळ्याची बेगमी करावी, तशी तो या काही महिन्यांत वर्षाची बेगमी करतो.

एवढ्या विशाल सागरात नेमकी ही जागा त्याला कशी सापडते? या प्रश्नाचे एक उत्तर आईपाशी आहे. पिलू आपला पहिला प्रवास आईच्या कुशीलगत करते. सुमारे वर्षाचे झाले की ते तिच्यापासून वेगळे होते. पण पुढे आयुष्यभर बहुधा आईने दाखवलेल्या त्याच समुद्रात चरायला परतते. हंपबॅकच्या शेपटीखालची काळीपांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी असते. १९७० च्या दशकापासून उत्तर अटलांटिकमध्ये या नक्षीची छायाचित्रे जमवण्यात आली आणि त्यावरून आईमुलांचा हा नेम सिद्ध झाला.

हा नेमच त्यांच्या मुळावर आला. नॉर्वेचा दर्यावर्दी कार्ल आंतोन लार्सन याने या बेटाभोवतीची देवमाशांची गर्दी पाहिली होती. ब्यूनोस आयरेसमध्ये भांडवल उभारून त्याने नोव्हेंबर १९०४ मध्ये ग्रिटविकेन येथे शिकारीचा तळ स्थापला. देवमाशांच्या मागे फार दूर जाण्याची गरज नव्हती. ते दर उन्हाळ्यात आपण होऊन दाराशी येत. तोफेतून सुटणाऱ्या स्फोटक भाल्यापुढे त्यांचा निभाव लागत नव्हता. त्यांच्या चरबीच्या तेलापासून साबण व कृत्रिम लोणी बनू लागले. १९१३ च्या नाताळात नॉर्वेहून आणलेल्या लाकडी चर्चची तेथे प्रतिष्ठापना झाली. ते आजही उभे आहे. प्रार्थनेची जागा आणि चरबी सोलण्याची जागा यांत हाकेचेच अंतर होते.

१९१०-११ च्या एकाच हंगामात सहा हजारांहून अधिक हंपबॅक मारले गेले. थोड्याच वर्षांत ते विरळ झाले, तेव्हा शिकारी नौका निळ्या व फिन देवमाशांकडे वळल्या. १९२५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ग्रिटविकेनजवळ प्रयोगशाळा थाटली. मारलेल्या देवमाशांची मापे घेणे, त्यांच्या पोटातील क्रिल तपासणे, असे त्यांचे काम होते. पुढे जिवंत देवमाशांच्या अंगात क्रमांक कोरलेल्या धातूच्या नळ्या मारण्यात आल्या. ती नळी सापडे ती त्या प्राण्याची शिकार झाल्यावरच. त्यांच्या येण्याजाण्याची माहिती आपण अशी त्यांच्या मरणातून गोळा केली.

त्याच सुमारास भर समुद्रात देवमासा वर ओढून घेणारी कारखाना-जहाजे आली आणि किनाऱ्यावरचे परवाने व निर्बंध निष्प्रभ ठरले. १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. परंतु दक्षिण गोलार्धात हंपबॅकला संरक्षण मिळण्यास १९६३ साल उजाडावे लागले. निळ्या देवमाशाला ते त्यानंतर मिळाले. साऊथ जॉर्जियाचे तळ १९६० च्या दशकाच्या मध्यावर बंद पडले. तेथे दयेचा उदय झाला नव्हता. मारण्यासाठी देवमासेच उरले नव्हते. तोवर या तळांवर सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले होते.

शिकार थांबली, तरी समुद्र रिकामाच राहिला. क्रिल होता, प्रवाह होते, उन्हाळाही नेमाने येत होता. मग देवमासे का परतले नाहीत? काही शास्त्रज्ञांना वाटते की, या पाण्याची वाट ठाऊक असलेल्या माद्याच संपल्या होत्या. ज्या पिलाला आई ही जागा दाखवणार, ती आईच उरली नव्हती. घरातील वडीलधारी माणसे गेल्यावर त्यांच्या तोंडची गाणी व गोष्टी आपल्या घरांतूनही अशाच नाहीशा होतात. वस्तू राहते, तिची ओळख सांगणारे कोणी राहत नाही.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. ब्राझीलच्या किनाऱ्याला येणाऱ्या हंपबॅकची मूळ संख्या सुमारे २७ हजार होती. १९५० च्या दशकात ती जेमतेम ४५० वर आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती पुन्हा २५ हजारांच्या घरात पोहोचली आहे. साऊथ जॉर्जियाभोवती १९९८ ते २०१८ या वीस वर्षांतील देवमाशांच्या पाहण्यांत निळा देवमासा केवळ एकदा दिसला होता. फेब्रुवारी २०२० च्या पाहणीत त्याच्या ५८ नोंदी झाल्या. २०१२ पासून तो समुद्र संरक्षित आहे आणि उन्हाळ्यात तेथे क्रिल पकडण्यास मनाई आहे.

हंपबॅकची संख्या भरून यायला सहा दशके लागली. निळ्या देवमाशाला अजून किती लागतील, हे सांगता येत नाही. संहाराला मात्र एकेक हंगाम पुरला होता. आज एखादी मादी आपल्या पिलाला घेऊन त्या गार पाण्यात शिरते, तेव्हा ती त्याचे पोट भरतेच. शिवाय पुढच्या पिढ्यांसाठी एक वाट पुन्हा सुरू करते. ती वाट मोकळी राहू देणे एवढेच माणसाच्या हाती आहे, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.